पट्टीवरचा 'संशयित'

या आठवड्यातली तिसरी बेवारस बॅग. मी पोचलो तोवर बस स्थानक रिकामं झालं होतं, दोरी बांधली होती, श्वान पथक आत गेलं होतं. एक बाई माझ्या हातातला माईक बघून जवळ आल्या. "साहेब, खरंच बॉम्ब आहे का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मिनिटभरापूर्वी मी फोनोवर, म्हणजे फोनवरून थेट बातमीत, 'भीतीचं वातावरण' असं सांगून आलो होतो.

अशा वेळी वार्ताहराला पुढं जायचं असतं, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. पहिल्या वस्तूभोवती गर्दी जमवायची आणि दुसरा स्फोट त्या गर्दीत घडवायचा, हे जगात अनेक ठिकाणी झालंय. अंतर राखा म्हणणाऱ्या हवालदाराशी आम्ही हुज्जत घालतो, याची मला आता लाज वाटते.

चुकीची माहिती काय करते, हे उत्तर आयर्लंडमधल्या ओमामध्ये दिसलं. १५ ऑगस्ट १९९८. फोनवरच्या इशाऱ्यांवरून कोर्टाच्या इमारतीजवळ बॉम्ब आहे असं वाटलं, म्हणून पोलिसांनी लोकांना तिथून लांब नेलं. बॉम्बची गाडी नेमकी लोकांना नेलं त्याच बाजूला उभी होती. २९ माणसं गेली. तेव्हापासून 'सूत्रांच्या माहितीनुसार अमुक ठिकाणी' असं बोलताना माझी जीभ अडखळते.

पण मला खरं लिहायचंय ते त्या माणसाबद्दल. बॅग त्याची होती. पाणी प्यायला गेला होता, परतला तर दोरी. "माझी आहे, माझी आहे" म्हणत तो धावला आणि लोकांनी त्याला धरलं. पोलिसांनी गाडीत बसवलं. मी लगेच सांगितलं, 'एक संशयित ताब्यात'. शब्द चुकीचा नव्हता, असं ऑफिसातलं बातम्यांचं डेस्क म्हणतं. नसेलही. पण पडद्याखालच्या बातमीच्या पट्टीसोबत त्याचा चेहरा तासभर फिरत होता.

१९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकच्या वेळी रिचर्ड ज्युएल या सुरक्षारक्षकानं बॉम्बची बॅग ओळखली, लोकांना बाजूला काढलं. तीनच दिवसांत माध्यमांनी त्यालाच संशयित ठरवलं. त्याच्यावर आरोपही ठेवला गेला नाही, पण तो संशयित नाही असं सरकारी वकिलांचं पत्र मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. खऱ्या गुन्हेगारानं कबुली दिली ती २००५ मध्ये. ही गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. आणि परवा मीच तसा वागलो.

बॉम्बशोधक पथकानं बॅग उघडली. दोन शर्ट, एक टॉवेल, दवाखान्याची फाईल. त्याला सोडलं तेव्हा अंधार पडला होता. कॅमेरामन निघून गेला होता. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "आता हेही दाखवाल ना?" मी हो म्हटलं. डेस्कला तीनदा फोन केला. तोवर दुसरी बातमी चालू झाली होती.

म्हणून इथं लिहितो. बॅगेत कपडे होते. तो माणूस पाणी प्यायला गेला होता. त्यानं काहीही केलेलं नव्हतं.