तीन हजार ओहम कुठे गेले?

गेल्या शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत एका माणसाने माझ्या आजोबांचा रेडिओ डुप्लिकेट ठरवला. भर दुकानात, मोठ्याने, सहा-सात गिऱ्हाइकं ऐकत असताना. बरं, हा माणूस दुकानदार नाही, मेकॅनिक नाही, डास मारायची बॅट चार्ज होत नाही म्हणून आलेला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

काम काय तर पाच मिनिटांचं. रेडिओचा आवाज फाटत होता आणि आउटपुटचा व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी काचेची नळी, नको इतका तापत होता, म्हणजे बहुतेक करून दोन व्हॉल्व्हच्या मधला कपलिंग कपॅसिटर लीक. जुने कागदी कपॅसिटर म्हातारे झाले की हेच करतात, आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे डीसी व्होल्ट गुपचूप पुढे सोडतात, पुढच्याचं ग्रिड, म्हणजे करंट आवरणारी जाळी, पॉझिटिव्ह होतं आणि तो वाट्टेल तेवढा करंट ओढत बसतो. दहा-पंधरा रुपयांचा पार्ट. जागेत बसतो का बघायला चासीच, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडाच, पिशवीत घातली, मॉडेल नंबर टाकून नेटवर मिळालेल्या सर्किटची मोठी प्रिंट मारली आणि गेलो.

काउंटरवर कागद उलगडला मात्र, शेजारून हात आला. "जरा बघू." बघू का असं नाही, बघू. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, मी अमुक इतकी वर्षं ऑडिटमध्ये होतो हे पहिल्या मिनिटात सांगून झालेलं. चष्मा कपाळावरून खाली आला, एक पेन बाहेर आलं आणि माझ्या कागदावर, माझ्या पैशाने मारलेल्या प्रिंटवर, काका टिका मारायला लागले.

"यूसीएच बेचाळीस कुठाय?"

"काका, माझ्या सेटमध्ये यूसीएच एक्याऐंशी व्हॉल्व्ह आहे."

"कागदावर बेचाळीस आहे."

"हो, आधी तो लावायचे, मग बदलला."

"कुणी बदलला?"

"कंपनीनेच. फॅक्टरीत."

"लिहिलंय कुठं तसं? सही कुणाची आहे?"

आता यांना काय सांगणार. पन्नासच्या दशकात रिमलॉकचे आठ पिनांचे व्हॉल्व्ह मागे पडले आणि नऊ पिनांचे नोव्हाल आले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी चालू मॉडेलमध्येच मधूनच नवीन संच बसवायला सुरुवात केली. बाहेरून डबा तोच, बटणं तीच, आतून पाचही व्हॉल्व्ह वेगळे. आणि एसी-डीसी सेटमध्ये नुसतं सॉकेट बदलून भागत नाही कारण सगळ्यांचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापायच्या तारा, एका माळेत असतात, १०० मिलीअँपिअरवर. जुन्या संचाची बेरीज करा: यूसीएच ४२ चे १४ व्होल्ट, यूएफ ४१ चे १२.६, यूबीसी ४१ चे १४, यूएल ४१ चे ४५, यूवाय ४१ चे ३१, झाले ११६.६. २३० च्या लाइनमधले उरलेले ११३ आणि काही व्होल्ट ड्रॉपर नावाच्या जाड रेझिस्टरमध्ये नुसते जाळायचे. नवीन संचात यूसीएच ८१ एकटा १९ खातो आणि यूवाय ८५ ला ३८ लागतात, बाकी तिघे तेवढेच, एकूण १२८.६. म्हणजे साधारण ११३० ओहमचा ड्रॉपर आता १०१० चा पाहिजे. एक व्हॉल्व्ह बदलला की त्याच्या मागून अर्धं सर्किट बदलत जातं आणि कागद छापणाऱ्याला याची खबर कुणी द्यायची हे बहुधा कुणाच्याच कामात नव्हतं.

अमेरिकेत फिल्को रेडिओवाले निदान चासीवर रन नंबरचा शिक्का मारायचे. रन एक, रन दोन, आणि कुठल्या रनपासून काय बदललं ते सर्व्हिसच्या कागदात द्यायचे. माझ्या सेटवर शिक्का वगैरे काही नाही. मागच्या पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हचा नकाशा होता म्हणतात, तो उंदरांनी खाल्ला.

हे मी काकांना सांगितलं सुद्धा, ड्रॉपरची बेरीज सोडून. त्यावर काका म्हणाले, "उंदरांनी खाल्ला हे कारण मी नोकरीत फार ऐकलंय."

मागून कुणीतरी हसलं.

मग त्यांना चासीवरचं भोक सापडलं. चांगलं मोठं गोल भोक, शेजारी स्क्रूची दोन बारकी भोकं, आणि आत काहीच नाही. "इथला पार्ट काढलाय." अहो काका, एकाच साच्यात ठोकलेली चासी दोन-दोन मॉडेलना वापरायचे, ट्रान्सफॉर्मरवाल्या एसी मॉडेलला आणि बिनट्रान्सफॉर्मरच्या एसी-डीसीला, म्हणजे एकाला लागणारं भोक दुसऱ्यात रिकामंच राहणार. फिलिप्सवाले तर मॉडेल नंबरच्या शेवटी अक्षरच द्यायचे, ए म्हणजे एसी, यू म्हणजे एसी-डीसी, बी म्हणजे बॅटरी. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुकानातल्या पोराकडे वळून म्हणाले, "चोरीचा असणार."

पोरगं माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलं.

आता मी पिशवी उचलून निघणार तेवढ्यात काकांचं पेन एका रेझिस्टरवर थांबलं. मला सवय वाईट, मी त्यांना कलर कोड शिकवून बसलो होतो. पिवळा चार, जांभळा सात, केशरी म्हणजे पुढे तीन शून्यं.

"सत्तेचाळीस हजार," काका म्हणाले. "कागदावर किती?"

"पन्नास."

"मग तीन हजार कुठे गेले?"

"कुठे गेले म्हणजे? काका, ते ओहम आहेत."

"ते असू द्या. मंजूर पन्नास, बसवलेत सत्तेचाळीस. फरक तीन हजार. एका रेडिओत तीन हजार, तर कंपनीने रेडिओ किती विकले असतील?" आणि खरंच पेनने कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार मांडला त्यांनी. मी म्हटलं अहो, आधी रेझिस्टर ५०, १००, २५० असल्या गोल आकड्यांत यायचे, नंतर स्टँडर्ड ठरलं की १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७ अशाच आकड्यांत बनवायचे, मग पन्नासचा जवळचा कुठला तर सत्तेचाळीस. आणि वीस टक्के टॉलरन्सचा पन्नास म्हणून विकलेला माल मुळात चाळीसही निघायचा नि साठही. हे ऐकून मात्र काका उखडलेच. "वीस टक्के? वीस टक्के खपवून घ्यायचे?" म्हणजे आत्तापर्यंत फक्त मी चोर होतो, आता १९५० सालची अख्खी रेडिओ इंडस्ट्री आत.

काकांचं एक मात्र बरोबर होतं, पैसे वाचवलेलेच असायचे. कॅथोडचा बायपास कपॅसिटर गाळून टाकायचा, आवाज जरा कमी होतो पण फाटणंही कमी होतं, म्हणजे एक पार्ट वाचला आणि वर टोन सुधारला म्हणून मिरवायला मोकळे. आपल्याकडे तर १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची बोंब झाली, आयात आवळली, तेव्हा जो पार्ट हाताशी येईल तो लावणं हेच डिझाइन. लाइनवर बसून सोल्डरिंगचे डाग मारणाऱ्या कारागिराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारलं कुणी नाही, लिहून ठेवलं कुणी नाही, आणि साठ-सत्तर वर्षांनी मी एका बॅटवाल्यासमोर स्पष्टीकरणं देतोय.

आणि हे जुन्याचंच रडगाणं समजू नका. मागे आमच्या मिक्सरचा कपलर आणायला गेलो, मॉडेल तेच, नाव तेच, रंग तोच, कपलर बसेना. का, तर "नवीन लॉट वेगळा आहे". अहो मग नाव वेगळं द्या की! नुसता शेवटी ठिपका वाढवा, आम्ही ओळखू. पण नाही, गिऱ्हाइकाने मिक्सर उलटा धरून मोबाइलच्या टॉर्चमध्ये स्टिकरवरचा मुंगीएवढा नंबर वाचायचा, आणि तो चटणीने पुसला गेलेला असला तर आपलं नशीब. कंपनीने बदललं तर ती सुधारणा, आपल्याकडचं कागदाशी जुळलं नाही तर आपण डुप्लिकेट.

असो. एवढा वेळ दुकानदार एलईडी टीव्हीच्या सप्लायला डाग मारत होता, मान वर नाही. शेवटी मी म्हटलं, शेठ, तेवढा कपॅसिटर द्या, ०.०२२ मायक्रोफॅरड, सहाशे तीस व्होल्टचा. ड्रॉवर उघडला, हातात घेतला, मला दिसला, आणि काका म्हणाले, "कागदावर ०.०१ आहे."

झालं. दुकानदाराने कपॅसिटर परत ड्रॉवरमध्ये टाकला. "साहेब, आधी सर्किट फायनल करून या. विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

मी म्हटलं परत नाही आणणार हो, लेखी देतो. दोन्हीतला कुठलाही चालतो, फरक पडला तर खर्जात थोडा. तर म्हणाला, "काका बरोबर बोलतायत, नंतर किटकिट नको." दहा-पंधरा रुपयांच्या मालाला कॅरेक्टर सर्टिफिकेट! काकांनी माझा कागद नीट चार घड्या घालून माझ्या हातात दिला, जणू प्रकरण निकाली निघालं, आणि म्हणाले, "राग मानू नका, पण ओरिजिनल असेल तर जुळलंच पाहिजे."

कपॅसिटर ऑनलाइन मागवला. एक पाहिजे तर दहाचं पाकीट, आणि मालापेक्षा डिलिव्हरीचे पैसे जास्त. सोमवारी लावला, आवाज स्वच्छ आला, व्हॉल्व्ह पण थंडावला. उरलेले नऊ सहज मीटरवर मोजले तर ०.०२१ भरले, सगळेच्या सगळे. पाच टक्क्यांत बसतंय. काका पुन्हा कधी भेटले तरी हे सांगणार नाहीये.