आयटम फ्रेम लपवणं म्हणजे चीटिंग? तुमच्या कमेंटला जरा मोठं उत्तर

नमस्कार, कमेंट नीट वाचली आणि उत्तर दोन ओळींत मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की माइनक्राफ्ट गेममध्ये कमांड (चॅटमध्ये टाइप केलेली आज्ञा) टाकून आयटम फ्रेम, म्हणजे वस्तू मांडायची चौकट, गायब करणं म्हणजे सरळसरळ चीटिंग, एवढंच हवं असेल तर रिसोर्स पॅक (गेममधली चित्रं बदलणारी फाइल) टाकावा, आणि वर मी आधीच्या लेखात दिलेली कमांड चालतच नाही, चॅटमध्ये लाल एरर येतो.

एररचं आधी बघू. त्या लेखातल्या गिव्ह कमांडवर (ही लपलेली फ्रेम थेट हातात देते) जावा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचे १.१६ ते १.२०.४ असं लिहिलंय. एप्रिल २०२४ मध्ये १.२०.५ आलं आणि आयटमची माहिती लिहायची पद्धतच बदलली, जुना एंटिटी टॅग गेला (एंटिटी म्हणजे ब्लॉक नसलेली गोष्ट, जसे प्राणी किंवा ही फ्रेम), त्याच्या जागी चौकोनी कंसात एंटिटी डेटा आला आणि त्यात ही कुठली एंटिटी ते आयडी म्हणून परत लिहावंच लागतं. बरेच जण कंस बदलतात पण आयडी टाकत नाहीत, मग अडतं. पण खरं सांगू का, गिव्हच्या नादी लागूच नका. साधी फ्रेम लावा, त्यात हवी ती वस्तू ठेवा, तिच्या अगदी जवळ उभे राहा आणि डेटा मर्ज (आधीच लावलेल्या फ्रेमची माहिती बदलणारी कमांड) वापरा: स्लॅश डेटा मर्ज एंटिटी, मग ॲट ई, त्याला चिकटून चौकोनी कंसात टाइप आयटम फ्रेम, सॉर्ट निअरेस्ट, लिमिट १, आणि शेवटी महिरपी कंसात इनव्हिजिबल, कोलन, १बी (१बी म्हणजे हो, ०बी म्हणजे नाही). ही जुन्यातही चालते, नव्यातही. लिमिट १ विसरलात तर गेम करूच देत नाही, कारण डेटा कमांड एका वेळी एकाच एंटिटीला हात लावते. आणि चमकणारी ग्लो आयटम फ्रेम वेगळा टाइप आहे, तिच्यासाठी नाव बदलावं लागतं.

एकदा करून बघाच. लाकडी काउंटरवर आडव्या लावलेल्या फ्रेममध्ये पाव ठेवलाय, भोवती ती तपकिरी चौकट. एंटर दाबलं की चौकट जाते आणि पाव थोडा खाली सरकून थेट काउंटरला टेकतो, ब्लॉकचा सोळावा भाग, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. तेवढ्याने तो टांगलेला न वाटता ठेवलेला वाटतो. राइट क्लिक करून ४५ अंशात फिरवता पण येतो, शेजारी तिरका मासा ठेवला की दुकान मांडल्यासारखं दिसतं. यासाठीच तर सगळी खटपट!

आता चीटिंग. चीट तेव्हा म्हणावं जेव्हा न कमावलेलं काहीतरी हातात येतं, हिरे, एक्सपी (अनुभवाचे गुण), टेलिपोर्ट. इथे फ्रेमसाठी ८ काठ्या आणि एक चामडं तुम्ही दिलंय, आतला पाव तुमचा आहे, कमांडने पिशवीत एक दाणाही वाढत नाही. भिंतीवर फोटो लावला की खिळा दिसू नये असं वाटतं, तेवढंच हे आहे. शिवाय फ्रेम फोडली की साधी फ्रेमच परत मिळते, लपलेपण सोबत येत नाही. जावामध्ये ॲडव्हान्समेंटवरही (टप्पे गाठल्याच्या नोंदीवर) परिणाम नाही. बेडरॉकवाल्यांना (मोबाइल, कन्सोल वगैरेंवरची आवृत्ती) मात्र तुमचा आक्षेप लागू आहे, तिथे चीट्स चालू केले की त्या वर्ल्डमधले अचीव्हमेंट कायमचे बंद होतात, आणि तिथे आयटम फ्रेम एंटिटी नसून ब्लॉकच आहे म्हणून ही कमांड तिथे नाहीच. बेडरॉकमध्ये आर्मर स्टँडवर अदृश्य होण्याचं पोशन फेकलं तर स्टँड लपतो आणि चिलखत दिसत राहतं, ते मला खूप आवडतं.

रिसोर्स पॅकबद्दल माझं मत ठाम आहे, या कामाला तो नको. पॅक सगळ्याच फ्रेम लपवतो, म्हणजे स्टोरेज रूममध्ये पेट्यांवर लावलेल्या फ्रेमसुद्धा, जिथे चौकट दिसायलाच हवी. आणि तो फक्त तुमच्या मशीनवर असतो, सर्व्हरने स्वतः सगळ्यांना पाठवला नसेल तर मित्र तुमच्या बेसवर येतो आणि त्याला तीच तपकिरी चौकट दिसते. कमांडने केलेला बदल वर्ल्डमध्ये सेव्ह होतो, येणाऱ्या प्रत्येकाला तुमचं काउंटर तुम्ही मांडलं तसं दिसतं. ज्याने रात्र रात्र जागून बिल्ड केलंय त्याला हे किती महत्त्वाचं आहे ते तुम्हालाही माहीत असणार.

सर्व्हरवर मात्र ॲडमिनला विचारूनच करा, आणि त्यांनी हो म्हटलं तर इनव्हिजिबलसोबत फिक्स्ड पण १बी करून घ्या, नाहीतर येणारा जाणारा राइट क्लिक करून पाव फिरवत बसतो. फिक्स्ड केल्यावर सर्व्हायव्हलमध्ये तो फिरतही नाही, निघतही नाही. पुढे बदलायचं असेल तर तीच कमांड ०बी लावून. रिकामी फ्रेम लपवून विसरलात तर त्या जागेजवळ उभे राहून तीच कमांड इनव्हिजिबल ०बी करून टाका, चौकट परत दिसते.

१.१९.४ पासून आलेले आयटम डिस्प्ले (फक्त वस्तू दाखवणारी एंटिटी) यापेक्षा भारी आहेत, हवा तो आकार, हवा तो कोन, पण त्यांना हिटबॉक्स (क्लिक लागतो ती जागा) नसतो, हाताने काढता येत नाहीत, किल कमांडच लागते. नवख्या माणसाला मी आधी फ्रेमच सांगेन.

तुमच्या सिंगल प्लेयर वर्ल्डमध्ये चीट्स बंद असतील तर मेनूतून ओपन टू लॅन करून कमांड चालू करा, त्या वर्ल्डमधून बाहेर पडेपर्यंत चालतात. वर दिलेली डेटा मर्ज टाकून बघा, आणि तरी लाल आलंच तर एररची पूर्ण ओळ आणि व्हर्जन नंबर इथेच लिहा, मी बघतो.