प्रेस आधी घ्यावा की छापचित्रं आधी काढावीत?

छापचित्रांविषयी मायदेशी वाद निघाला की दोन प्रश्न हटकून येतात. छापचित्र हे मूळ चित्र की नक्कल? आणि ज्याच्याकडे स्वतःचा प्रेस (छाप काढायचं यंत्र) नाही, तो स्वतंत्र प्रिंटमेकर, म्हणजे छापचित्रकार, कसा? परदेशात राहून हे वाद वाचताना वाटतं, की पहिल्या प्रश्नावर आपण गरजेपेक्षा जास्त बोलतो आणि दुसऱ्याचं ‘आधी प्रेस घ्या’ असं चुकीचं उत्तर देतो. त्या चुकीच्या उत्तरापायी तरुण माणसं कर्जात अडकतात, म्हणून हे लिहितो आहे.

नक्कल हा शब्द आपल्याकडे उगाच चिकटलेला नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथली ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती) घरोघरी भिंतीवर लागली. त्या छपाईत मूळ तैलचित्र वेगळं असायचं. एचिंग (धातूची प्लेट रसायनाने कोरून) किंवा लिनोकटमध्ये (लिनोलियम कोरून) तसं काही नसतं. प्लेटवर चित्र उलटं असतं, अर्धवट असतं. ते पुरं होतं कागदावरच. हे ग्राहकाला दोन मिनिटांत सांगता येतं. इकडचा ग्राहकही ‘याच्या किती प्रती?’ असंच विचारतो. त्यावर प्रिंटमेकर वही उघडून दाखवू शकतो का, हे खरं महत्त्वाचं.

वहीत प्रत्येक प्लेटसाठी एक पान ठेवावं. प्लेटचा धातू आणि माप, कागदाचं नाव व वजन, शाईचं मिश्रण, मंजूर प्रूफची (चाचणी छापाची) तारीख, एकूण प्रती, आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती, साधारण दहा टक्क्यांवर जाऊ नयेत) आणि कोणती प्रत कुणाला गेली, एवढं त्यात हवं. छापावर चित्राखाली डावीकडे पेन्सिलीने १२/३० (तीसपैकी बारावी प्रत) असा आकडा, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. शाईच्या पेनाने सही करू नये, ती पसरते आणि उडते. आवृत्ती (एका प्लेटच्या ठरवलेल्या सगळ्या प्रती) संपली की प्लेटवर आडवी रेघ खोदून त्या रद्द प्लेटचाही एक छाप वहीला लावावा. डिजिटल प्रिंटवरचा आपला वादही इथेच मिटतो. संगणकावर छपाईसाठीच रचलेलं चित्र हे छापचित्रच आहे, त्याला वाळीत टाकणं चूक. पण रंगवलेल्या चित्राचा फोटो इंकजेटवर काढून, त्यावर १/१०० लिहून, ती प्रतिकृती आहे हे न सांगता विकणं ही फसवणूक आहे, आणि तिची किंमत सगळ्या प्रिंटमेकरांना मोजावी लागते.

आता प्रेसकडे येऊ. तांब्याच्या मध्यम प्लेटवर शाई भरणं, टार्लटनने (कडक जाळीदार कापडाने) पुसणं, शेवटी तळहाताने उजळ भाग साफ करणं, ओला कागद ठेवून छाप काढणं, याला प्रत्येक प्रतीमागे अर्धा-पाऊण तास जातो. दिवसाला आठ-दहा प्रती. तीसची आवृत्ती हवी तर छत्तीस कागद तरी भिजवावे लागतात, कारण पाच-सहा बाद होतातच: कुठे बोटाचा डाग, कुठे घडी, कुठे कागद जास्त ओला राहिल्याने शाई नीट न उचलणं. म्हणजे एका आवृत्तीला चार-पाच दिवस. वर्षाला सहा आवृत्त्या काढल्या, तर तीस दिवस. प्रूफिंगचे आणखी तीस धरा. उरलेले तीनशे दिवस प्रेस नुसता उभा राहणार. त्याच्यासाठी वजन पेलणारी जमीन, पाण्याची सोय, खेळती हवा आणि भाडं मात्र बाराही महिने.

आवृत्ती वाढवून हा खर्च काढू, हा विचार अनेकांना फसवतो. तांब्यावरच्या ड्रायपॉइंटची (सुईने थेट ओरखडलेल्या रेषेची) बर, म्हणजे रेषेकाठी उचललेली धातूची कड, दाबाखाली चेपत जाते. पंधरा-वीस प्रतींनंतर तो मखमली काळा रंग मिळत नाही. बारीक ॲक्वाटिंटही (करड्या छटा देणारी दाणेदार कोरणी) झिजतं. लिनो बराच टिकतो, पण तीनशे प्रती छापणं सोपं असलं तरी तीनशे ग्राहक मिळवणं सोपं नाही. तीस प्रती, पहिल्या दहांना एक किंमत, पुढच्या दहांना थोडी चढी, हे जास्त चालतं. आणि गॅलरीत एक किंमत, घरी दुसरी, असं कधीच करू नये. गॅलरीचं कमिशन बहुधा चाळीस ते पन्नास टक्के असतं. ते मूळ किमतीत धरलेलंच हवं.

परदेशात प्रिंटमेकर टिकतात ते बहुतेक दुसऱ्याच्या प्रेसवर. तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने खुल्या असलेल्या कार्यशाळा हा इथला कणा आहे. एडिंबरामधली अशी कार्यशाळा १९६७ पासून चालू आहे. इंग्रज प्रिंटमेकर स्टॅनली हेटर यांनी पॅरिसमध्ये १९२७ साली सुरू केलेल्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी आणि कैको मोती या भारतीय प्रिंटमेकरांनी एकाच खोल कोरलेल्या प्लेटवर कमी-जास्त घट्ट शाया मऊ-कडक रोलरने लावून, एकाच दाबात अनेक रंग उचलण्याच्या पद्धतीवर काम केलं. एकट्याच्या बंद खोलीत ही पद्धत इतकी पुढे गेली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

इथे सगळं गोड आहे असं नाही. हव्या त्या आठवड्यात प्रेस मिळत नाही, म्हणून कागद भिजवण्याचा दिवससुद्धा महिनाभर आधी ठरतो. आधीच्या माणसाने दाब बदललेला असतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे नसले तर छाप एकीकडे फिका येतो. शिकवणं, दुसऱ्यांच्या आवृत्त्या छापून देणं आणि विक्री, या तिन्हींवर मिळून घर चालतं. फक्त विक्रीवर जगणारे थोडे.

आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. दिल्लीची गढी (ललित कला अकादमीचे स्टुडिओ), बडोद्यातली ‘छाप’ ही कार्यशाळा आहेच. पण वाद घालायचा तर यावर घालू: कला महाविद्यालयातला प्रेस विद्यार्थी घरी गेल्यावर भाड्याने का मिळू नये? पाच जणांनी मिळून एक प्रेस का घेऊ नये?

पाच जण एकत्र आले तर भांडण पैशांवरून होण्याआधी फेल्टवरून, म्हणजे प्रेसमध्ये कागदावर घालायच्या लोकरी कापडावरून, होतं. ओल्या कागदातलं सायझिंग (खळ) फेल्टमध्ये मुरून ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं, आणि न घासलेल्या धारेची प्लेट ते कापते. म्हणून प्लेटची कड ४५ अंशांत घासल्याशिवाय ती बेडवर (प्रेसच्या सपाट पाटावर) ठेवायची नाही, हा पहिला नियम. कागदाला टेकणारं पातळ फेल्ट प्रत्येकाने स्वतःचं आणावं, कोमट पाण्यात धुवावं. जाडी फेल्टं सामाईक चालतील. प्लेट कोरायला तांब्यासाठी फेरिक क्लोराइड, जस्तासाठी कॉपर सल्फेट आणि मीठ, अशी दोन वेगळी भांडी, वेगळ्या रंगाच्या झाकणांची. जस्त चुकून फेरिकमध्ये गेलं तर द्रावण तापून फसफसतं. आणि प्रेसला दोरीने एक वही बांधलेली असावी, तारीख, नाव, दाबाचा आकडा लिहायला. काम संपल्यावर दाब सैल केला की नाही, हेही त्याच ओळीत.