लॅमिनेट केलेलं 'तात्पुरतं'

काल रात्री एका आजोबांना व्हीलचेअरवरून आणलं आणि मुलानं मोबाईल थेट माझ्या नाकासमोर धरला. पलीकडच्या हॉस्पिटलच्या बंद कॅज्युअल्टीच्या दाराचा फोटो. 'विभाग तात्पुरता बंद. रुग्णांनी नजीकच्या रुग्णालयात जावे.' खाली बाण. कागद लॅमिनेट केलेला, चारही कोपऱ्यांत स्क्रू! अहो, तात्पुरत्या कागदाला लॅमिनेशन कोण करतं? स्क्रू कोण मारतं? आणि 'क्षमस्व'च्या शेजारी हसरा चेहरा! कुणाला हसू येतंय यात? 'नजीकचे रुग्णालय' म्हणजे मी, नाइटची एक नवी मुलगी आणि एक चाक अडकणारी ट्रॉली.

तिकडचे हार्टअटॅक काही रजेवर गेलेले नाहीत. पॅरालिसिसच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते साडेचार तास आमच्या दारात सुरू होत नाहीत, हात लुळा पडला तेव्हाच सुरू झालेले असतात. त्यातला अर्धा तास तो कागद वाचण्यात आणि गाडी वळवण्यात जातो.

वर मीटिंगमध्ये विचारणार, 'सिस्टर, वेटिंग का वाढलं?' वॉर्डात खाट नाही म्हणून ॲडमिट झालेली माणसं आमच्याच ट्रॉलीवर, ट्रॉली नाही म्हणून ॲम्ब्युलन्स दारात, ॲम्ब्युलन्स दारात म्हणून पुढच्या कॉलला गाडी नाही. म्हणून! कॅलिफोर्नियातला 2014 चा अभ्यासच आहे: कॅज्युअल्टी बंद पडली की आसपासच्या हॉस्पिटलांत भरती झालेल्यांची दगावण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी जास्त, हार्टअटॅकवाल्यांची 15. पण आलेख काढणाऱ्यांना आमचाच आलेख दिसतो.

आणि माझं पेन कोण नेतं हो? आणि तीन आठवड्यांपूर्वी मुरगळलेला पाय रात्री दोनलाच का आठवतो? आणि त्या प्रिंटरला... जाऊ दे.

हे सगळं मी त्या मुलाला मोठ्यानं ऐकवलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "सिस्टर, मी फक्त बरोबर ठिकाणी आलोय का, एवढंच विचारत होतो." आजोबा हसले. त्यांचं बीपी माझ्यापेक्षा नक्कीच बरं होतं.

पहाटे नव्या मुलीनं आमच्या दारावर 'प्रतीक्षेचा वेळ वाढू शकतो' असा कागद चिकटवला. सेलोटेपनं. दोनदा पडला. सकाळी ड्यूटी संपताना मीच ऑफिसात विचारत होते, लॅमिनेशनचं मशीन कुठंय?