उघडं काँक्रीट स्वतःचा कार्बन फेडत नाही

धाकट्या भावाच्या ऑफिसची नवी इमारत होते आहे आणि तो बांधकाम समितीत आहे. त्याने मला एक फिरता मेसेज पाठवला, वर विचारलं, ‘ताई, मग लो-कार्बन मिक्स कशाला?’ (म्हणजे सिमेंटचा काही भाग लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने, अर्थात स्लॅगने, किंवा कोळशाच्या राखेने, अर्थात फ्लाय अॅशने, बदललेलं काँक्रीट.) मेसेज म्हणतो : गिलावा न करता काँक्रीट उघडं ठेवलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि सिमेंट बनवताना सुटलेला सगळा परत घेतं, लो-कार्बन काँक्रीट कमजोर असतं, आणि उघड्या स्लॅबखाली एसी लागत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात थोडं तथ्य आहे. काँक्रीट कार्बन शोषतं, मान्य. पण किती? 2016 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात 1930 ते 2013 चा जगभरचा हिशेब आहे : सिमेंटसाठी चुनखडी भाजताना सुटलेल्या कार्बनपैकी सुमारे 43 टक्केच परत शोषला गेला. भट्टीच्या इंधनाचं उत्सर्जन त्यात धरलेलंच नाही. आणि या शोषणात सर्वांत मोठा वाटा गिलावा-जोडकामाच्या पातळ थरातल्या मसाल्याचा, म्हणजे मेसेज जो गिलावा काढायला सांगतो त्याचाच! जाड खांबात कार्बन फार सावकाश शिरतो. दुप्पट खोल जायला साधारण चौपट काळ. आणि तो सळईपर्यंत पोचणं म्हणजे धोका. काँक्रीटचा पीएच 12-13 वरून 9 च्या खाली येतो, सळईचं संरक्षण जातं, ओल मिळाली की गंज धरतो, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुटतं. जे होऊ नये म्हणून आम्ही इंजिनिअर कव्हर आणि क्युरिंगसाठी (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवण्यासाठी) भांडतो, तेच इथे फायदा म्हणून विकलं जातंय!

कमजोरीचं म्हणाल तर स्लॅग किंवा फ्लाय अॅश जास्त असलेलं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, हे खरं. क्युरिंग जास्त दिवस लागतं, शटरिंग उशिरा निघतं. पण नीट केलेलं मिक्स 56 किंवा 90 दिवसांत नेहमीच्या काँक्रीटची बरोबरी करतं, आणि स्लॅगचं काँक्रीट क्लोराइडला (सळई गंजवणाऱ्या मिठातल्या घटकाला) अधिक चांगलं तोंड देतं.

एसीचं अर्धसत्य. उघडा स्लॅब दिवसाची उष्णता पोटात घेतो, पण रात्री गार हवा फिरवून ती बाहेर काढावी लागते. रात्रीही उकडत असेल तर फारसा उपयोग नाही.

गिलावा, पुट्टी, रंग वाचतात, म्हणून उघडं काँक्रीट जरूर करा. पण कार्बन वाचतो तो ओतण्याआधी, मिक्समधलं क्लिंकर (चुनखडी भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी करून. भावाला सांगितलंय, पुरवठादाराकडून एका घनमीटरमागचं क्लिंकर आणि 56 दिवसांची ताकद लेखी माग.