इटलीचा किनारा बघायचा तर संथ बोट धरा

दहा दिवसांत चिंक्वे तेर्रे, पोझितानो, काप्री आणि जमलंच तर सिसिली. दोघांनी इटलीचा समुद्र बघायचा बेत बहुतेक वेळा असाच सुरू होतो. होतं का एवढं? होतं की. फक्त त्यातले चार दिवस स्टेशनं, बॅगा आणि चेक-आउटच्या वेळा यांतच जातात. चिंक्वे तेर्रेजवळच्या ला स्पेझियाहून नेपल्सला यायलाच साडेचार-पाच तास लागतात. माझं म्हणणं सरळ आहे: एक आखात निवडा, नेपल्सचं. आणि सगळा प्रवास हॉटेलच्या यादीवर न बांधता बोटीच्या वेळापत्रकावर बांधा.

आधी महिना ठरवा. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मे, त्यांचा उन्हाळा जून ते सप्टेंबर, आणि इथेच पहिली चूक होते. मेमध्ये तिथलं ऊन छान असतं, पण समुद्राचं पाणी जेमतेम १८-१९ अंश. मालवणच्या किंवा पाळोळ्याच्या पाण्याची सवय असलेला माणूस गुडघाभर जाऊन परत फिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २५-२६ अंशांवर जातं, पण तेव्हा अख्खी इटलीच पाण्यात असते. १५ ऑगस्टला त्यांचा सुट्टीचा सण, फेर्रागोस्तो, त्याच्या मागचा-पुढचा आठवडा सोडूनच द्या. जूनचा दुसरा पंधरवडा किंवा १० सप्टेंबरनंतरचे दिवस सगळ्यात बरे. पाणी ऊबदार असतं, बोटी उन्हाळी वेळापत्रकाने भरपूर असतात आणि खोल्यांचे भाव डोक्यात जात नाहीत. आपल्याकडे लाँचा पावसाळ्यासाठी बंद होतात, नेमक्या त्याच महिन्यांत तिकडच्या बोटी जोरात असतात, हेही लक्षात असू द्या.

आता बंदर. नेपल्सला आखातातल्या बेटांसाठी (प्रोचिदा, इस्किया, काप्री) एक धक्का नाही, मुख्य असे दोन आहेत. मोलो बेव्हेरेल्लोवरून जलद बोटी सुटतात, त्यांना अलिस्काफो म्हणतात. गाड्या घेऊन जाणाऱ्या मोठ्या संथ बोटी, म्हणजे त्रागेत्तो, सुटतात कालाता पोर्ता दी मास्सावरून. दोन्हींत चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर आहे, चाकांची बॅग आणि दगडी रस्ता धरून वीस. तिकिटावर फक्त ‘नापोली’ वाचून चुकीच्या धक्क्यावर उभे राहिलेले लोक रोज दिसतात. तेव्हा तिकीट काढतानाच धक्क्याचं नाव बघून ठेवा. रेल्वे स्टेशनवरून मेट्रोची १ नंबरची लाइन घ्या, गारिबाल्दीहून तिसरं स्टेशन म्युनिचिपियो, तिथून बेव्हेरेल्लो समोरच. विमानतळावरून अलिबस स्टेशन करून थेट बंदरापर्यंत येते.

जलद की संथ? सगळे जलद घेतात आणि मला ते कधीच कळलेलं नाही. अलिस्काफो म्हणजे पाण्यावरची वातानुकूलित एशियाड. दारं बंद, काचांवर खाऱ्या पाण्याचे ओघळ, बाहेरचं काही धड दिसत नाही, आणि लाटा आल्या की पोटात ढवळतं. बॅग मोठी असेल तर तिचं वेगळं तिकीट. त्रागेत्तोला प्रोचिदापर्यंत तासभर लागतो, जलद बोटीला चाळीस मिनिटं. वाचले किती, तर वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांच्या बदल्यात वरचा उघडा डेक मिळतो, मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी सरकत जातो, कॉफी मिळते आणि तिकीटही स्वस्त. शिवाय वारा चढला की आधी अलिस्काफो रद्द होतात, मोठी बोट बऱ्याचदा चालू राहते. संध्याकाळची शेवटची जलद बोट गाठायचा हिशेब करू नका. त्या दिवशी वारा फिरला तर रात्र धक्क्यावर.

पहिला मुक्काम प्रोचिदा, तीन रात्री. चार चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट, २०२२ साली इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं, तरी काप्रीच्या मानाने अजूनही निवांत. फोटोत दिसणारी ती पिवळी-गुलाबी घरांची रांग म्हणजे कोर्रिचेल्ला, कोळ्यांची वस्ती. तिथे गाडी जात नाही, उतरायला फक्त पायऱ्या. खोली तिथेच घ्यायची तर बॅग खांद्यावर अडकवता येईल अशी हवी. नाहीतर खोली वर गावात घ्या आणि जेवायला खाली उतरा. पोहायला कियाया किंवा कियायोलेल्ला. वाळू काळसर, ज्वालामुखीची, दुपारी चपलेशिवाय पाय टेकवत नाही.

प्रोचिदात लिंबाची कोशिंबीर मागवाच. तिथलं लिंबू मोठ्या मोसंबीएवढं, आणि सालीच्या आतला पांढरा भाग बोटभर जाड. आपण हाच भाग कडू म्हणून टाकतो. तिथे वरची पिवळी साल अगदी पातळ तासून काढतात, पांढरा भाग ठेवून फोडी करतात, थोडा वेळ पाण्यात ठेवून हलक्या पिळतात. मग पुदिना, लसूण, सुकी लाल मिरची, मीठ आणि ऑलिव्ह तेल. पांढरा भाग काकडीसारखा करकरीत लागतो, कडवटपणा नावालाच. बरोबर पाव, तेल पुसून घ्यायला.

प्रोचिदाहून इस्किया अर्ध्या तासाच्या आत. इथे पुन्हा धक्क्याचा घोळ: इस्किया पोर्तो, काझामिच्चोला आणि फोरियो अशा तीन ठिकाणी बोटी लागतात. हॉटेल फोरियोत आणि बोट पोर्तोची असली तर अर्धं बेट बसने ओलांडावं लागतं. बसच्या दोन गोल फेऱ्या आहेत, सीएस आणि सीडी, एक डावीकडून फिरते, दुसरी उजवीकडून. चुकीची पकडली तरी पोचता, फक्त बेटाला प्रदक्षिणा घालून. इस्कियाची खरी गोष्ट म्हणजे गरम पाणी. पैसे भरून आत जायच्या कुंडांच्या बागा आहेतच, पण सोर्जेतोला खडकांतून कढत पाणी थेट समुद्रात येतं. लांबलचक पायऱ्या उतरून जायचं आणि गरम-गार जिथे मिसळतं तो खड्डा शोधून बसायचं. आधी हात घालून बघा मग बसा, काही ठिकाणी पाणी खरंच भाजतं. ज्याला चढायची हौस आहे त्याने सकाळी लवकर एपोमेओ डोंगर गाठावा, ७८९ मीटर.

काप्रीबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच काप्री म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीचं दादर, फक्त भाव चौपट. जायचं तर एक रात्र राहायला जा. शेवटच्या बोटी गेल्या की तेच गाव वेगळं होतं. नाहीतर सोडून द्या, काही बिघडत नाही. राहिलात तर सकाळी पहिल्या खुर्ची-लिफ्टने अनाकाप्रीहून मोंते सोलारो, ५८९ मीटर. खालचं आखात तिथून पूर्ण दिसतं.

काप्रीची निळी गुहा मात्र समजून जा. मारिना ग्रांदे बंदराहून मोटरबोट गुहेपाशी नेते, तिचे पैसे वेगळे. तिथे समुद्रातच छोट्या वल्ह्याच्या होडीत उतरायचं, तिचे आणि प्रवेशाचे मिळून १८ युरो माणशी. गुहेचं तोंड साधारण मीटरभर उंच. नावाडी लाट खाली जायची वाट बघतो, सगळ्यांना होडीत आडवं पाडतो आणि साखळी धरून होडी आत ओढतो. आत जेमतेम पाच मिनिटं. प्रकाश पाण्याखालच्या मोठ्या भोकातून येतो, पाणी लाल रंग गिळून टाकतं, म्हणून सगळं निळं दिसतं. ऊन डोक्यावर असताना ते सगळ्यात झळाळतं, आणि रांगही तेव्हाच सगळ्यात लांब. लाट थोडी वाढली की होडी आत शिरूच शकत नाही आणि गुहा बंद. अनाकाप्रीहून बसने जाऊन पायऱ्या उतरूनही होडी धरता येते. बंद असली तर मोटरबोटीचे पैसे तरी वाचतात.

आखाताला लागूनचा अमाल्फीचा किनारा बघायला पोझितानोत राहू नका. सालेर्नोत राहा. जलद रेल्वे थेट येते, खोली निम्म्या भावात मिळते, आणि अमाल्फीच्या बोटीचा धक्का, पियाझ्झा देल्ला कोंकोर्दिया, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. अमाल्फी ३५ मिनिटं, पोझितानो साधारण सव्वा तास. हा किनारा बांधलाच आहे समुद्रातून बघायला. रस्त्यावरून दिसतो तो समोरच्या बसचा मागचा भाग. सीता कंपनीची बस स्वस्त आहे, तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं, त्याला ताबाक्की म्हणतात. सोर्रेंतो गावाहून येताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. पण दुपारनंतर पोझितानोहून सोर्रेंतोला परतायचा बेत बसवर ठेवू नका. बस अमाल्फीहूनच भरून येते आणि थांब्यावर न थांबता निघून जाते. उन्हात तीन बस सोडल्यावर लोक टॅक्सीला मागेल ते देतात.

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर माझा ठाम नकार. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट लागतं. उन्हाळ्यात या रस्त्यावर गर्दीच्या दिवशी सम-विषम नंबरचा नियम असतो. जुन्या गावांत झेडटीएल नावाचा बंदी भाग कॅमेऱ्याने राखलेला असतो, आणि त्याचा दंड घरी आल्यावर काही महिन्यांनी टपालाने येतो. त्यावर गाडी भाड्याने देणारी कंपनी आपली हाताळणी फी आधीच कार्डावरून कापून घेते.

किनाऱ्यावर पैसे कशाचे, हे बऱ्याच जणांना कळत नाही. रांगेने छत्र्या दिसल्या तर तो लीदो, तिथे एक छत्री आणि दोन खुर्च्या असा जोड भाड्याने मिळतो. पुढची रांग महाग, मागची स्वस्त, दुपारनंतर अर्ध्या दिवसाचा भाव विचारा. ‘स्पियाज्जा लिबेरा’ लिहिलं असेल तर फुकट, आपला पंचा अंथरा. अमाल्फीच्या बाजूला वाळू नाही, गोटे आहेत, पाण्यात चालायचे रबरी बूट न्या, नाहीतर पाण्यात जाता-येता दोघांनी एकमेकांना धरून नाच करावा लागतो. आणि पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नका. सोर्रेंतोने २०२२ मध्ये यासाठी ५०० युरोपर्यंत दंड लावला आहे.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारत राहा. वांग्याचं पार्मिजाना, टोमॅटोचं स्पागेत्ती, काप्रेझे म्हणजे टोमॅटो-चीजची कोशिंबीर, दुधी-काकडीच्या नात्यातल्या झुकिनीचं नेरानोचं पास्ता, हे सगळं बहुतेकदा चालतं. धोका लपलेल्या माशाचा. पिझ्झावर, भाज्यांत बारीक अँचोव्ही असतो, आणि चेतारा गावाचं प्रसिद्ध तेलासारखं पाणी, कोलातूरा, तर त्याचंच. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अलीची’, म्हणजे मांस नको, मासा नको, अँचोव्ही नको, एवढं पाठ करा. तळलेल्या पिझ्झात डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. कडक पाळणाऱ्यांना हेही सांगायला हवं की खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडायचं रेनेट असतं. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट. बिलावरचं ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे. दुपारी तीन ते सात स्वयंपाकघरं बंद. त्यातल्या जेवणानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांना नेपल्सकडे कोंत्रोरा म्हणतात, म्हणजे आपली वामकुक्षीच. दुकानंही तेव्हा मिटलेली असतात, तेव्हा तुम्हीही झोपा.

शेंगेन व्हिसाची फी प्रौढाला ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. जूनला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख घ्या, मार्च-एप्रिलमध्ये सगळा महाराष्ट्र रांगेत असतो. रेल्वेचा संप, म्हणजे शोपेरो, आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल गाड्या चालतात, त्यात बसवा. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आणि परतीचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. नेपल्सला या. विमान रोमहून असलं तरी जलद रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि रेल्वेला वारा अडवत नाही.