‘लाथाळी’ म्हणणाऱ्या ‘एक बेळगावकर’ यांना

नमस्कार. गावच्या गायरानातल्या फुटबॉल मैदानावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. 1956 च्या आधी तिथं मैदान होतं याचा कागद दाखवा. उताऱ्यावर ती जमीन चराऊच आहे. खेळात सीमाप्रश्न घुसडू नका. आणि चौथी, तुमच्याच शब्दांत: “अनवाणी पोरांच्या लाथाळीला फुटबॉल म्हणत नाहीत, जरा वाचन वाढवा.”

टीका करा, पण ही काय भाषा झाली? आमच्या सोप्यात बसून कुणी असं बोललं असतं तर त्याला चहासुद्धा विचारला नसता. लेखाला ‘ऐतिहासिक क्रीडांगण’ हे शीर्षक जरा भारदस्त झालं, कबूल. नियमानं मैदान निदान 90 मीटर लांब लागतं आणि आमचं त्यात बसत नाही, हेही कबूल. झालं समाधान?

आता अनवाणीपणाबद्दल. 29 जुलै 1911 ला कोलकात्यात मोहन बागान या आपल्या क्लबनं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. अकरा जणांत बूट एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात. बाकी दहा जण लाथाळी करत होते का? 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बरेच खेळाडू अनवाणीच उतरले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि 2-1 नं हरलो. पेनल्टी चुकल्या म्हणून हळहळा हवं तर. पायांना नावं ठेवू नका.

आणि वाचनाचंच म्हणाल, तर माझे वडील याच मैदानावर गोलकीपर होते. बूट त्यांनी पाहिले ते कॅम्पात. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. जवानांची मॅच असली की गावची पोरं हिंडलग्यावरून चालत बघायला जायची आणि तिथं बघितलेलं दुसऱ्या दिवशी गायरानात करून बघायची. गोलला बांबू, आडवी दोरी. मॅचच्या सकाळी मैदान आखायला मी स्वतः फक्की मारलेली आहे, आणि पावसाची सर आली की पुन्हा मारलेली आहे. कडेला बसलेले म्हातारे ओरडायचे, “काय बघूलाय, मार की!” तुम्ही त्या कडेला कधी बसलायत का? प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

कागदाचं म्हणाल, तर उताऱ्यावर मालक असतो, पीक असतं. गोल कुणी मारला ते तलाठी लिहीत नाही. तेव्हा तो मुद्दा राहू दे.

सीमाप्रश्न मी घुसडला नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातलाच चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. आमच्याकडे खेळायला येणारे संघ चंदगड भागातलेच होते. वडिलांच्या तोंडून ऐकलंय ते असं, की आदल्या मोसमातला शेजारचा संघ पुढच्या मोसमात परराज्यातला झाला. मैदानाचा इतिहास सांगताना हे गाळायचं, आणि का? तर तुम्हाला रुचत नाही म्हणून?

पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा. ‘एक बेळगावकर’ आम्ही सगळेच आहोत. आणि वाचन वाढवायचा सल्ला जपून ठेवलाय, तुम्हाला लागला तर मागून घ्या.